पायाखालची डिस्क

२१ जानेवारी २००४. ‘स्पिरिट’ ही गाडी मंगळावरच्या गुसेव्ह विवरात उतरून अडीच आठवडे झाले होते. दगडांची तपासणी नुकती कुठे सुरू झाली होती आणि त्या दिवशी तिचं बोलणं अचानक तुटलं. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत आधी संशय घेतला गेला तो हवामानाचा, कारण ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळच्या अँटेना केंद्रावर वादळी पाऊस होता. पुढच्या दोन दिवसांत जे तुटक संदेश आले त्यांतून खरा प्रकार कळला. गाडीतला कॉम्प्युटर सुरू व्हायचा, अडखळायचा, स्वतःला रीसेट करायचा आणि पुन्हा त्याच जागी येऊन अडखळायचा. असं साठाहून अधिक वेळा झालं. रात्रीही गाडी झोपत नव्हती आणि बॅटरी उतरत चालली होती.

गाडीत १२८ एमबी रॅम आणि २५६ एमबी फ्लॅश मेमरी होती. फ्लॅश हीच तिची डिस्क. फोटो, मोजमापं, नोंदी सगळं तिच्यात साठत होतं आणि पृथ्वीवरून येतानाच्या प्रवासातल्या फायलीही तिथेच पडून होत्या. सुरू होताना कॉम्प्युटर फ्लॅशमधल्या फायलींची यादी रॅममध्ये मांडून घ्यायचा. फाईल पुसली तरी यादीतली तिची जागा सुटत नव्हती. यादी फुगत गेली आणि तिच्यासाठी राखलेली रॅम अपुरी पडली. रॅम पुरली नाही की रीसेट, आणि रीसेटनंतर पहिलं काम पुन्हा तीच यादी मांडण्याचं.

डिस्क एकच. ती दुरुस्त करायची तर कॉम्प्युटर सुरू व्हायला हवा, आणि सुरू होताना तो त्याच डिस्ककडे धाव घेणार. मंगळावर पेनड्राइव्ह लावायला कोणी जाऊ शकत नव्हतं. सिग्नल एका बाजूने पोचायलाच दहाएक मिनिटं लागत होती. सुदैवाने गाडीचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी एक वाट आधीच ठेवून दिली होती. फ्लॅशला हात लावू नकोस, रॅमच्याच एका तुकड्याला डिस्क मान आणि सुरू हो, असा हुकूम देण्याची ती सोय होती. २४ जानेवारीला तो हुकूम लागू पडला. गाडी सुरू झाली आणि सुरू राहिली. मग बाहेरून फ्लॅश तपासता आली, फायली पुसता आल्या, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती सबंध फॉरमॅट करून गाडी पुन्हा कामाला लागली. नव्वद मंगळदिवसांच्या बोलीवर पाठवलेली स्पिरिट मार्च २०१० पर्यंत पृथ्वीशी बोलत होती.

आपल्या घरात, दुकानात, छापखान्यात, शाळेच्या ऑफिसात जो कॉम्प्युटर असतो त्यालाही बहुधा एकच डिस्क असते. ती बिघडली, व्हायरसने खाल्ली किंवा विंडोज उघडेनाशी झाली की स्पिरिटपुढचाच प्रश्न आपल्यापुढे येतो. बॅकअपबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते ‘घेतलाय का?’ एवढ्यापुरतं. तो परत टाकायची वेळ आली तर कुठे उभं राहून टाकणार, हे फारसं कोणी ठरवून ठेवत नाही. माझ्या मते बॅकअपचा निम्मा भाग हाच आहे.

चालू मशीन स्वतःला का पुसू शकत नाही

एक सोय आपल्या अंगवळणी पडली आहे. विंडोज चालू असताना, टॅली उघडं असताना, बाजूला टायपिंग चालू असतानाही सबंध डिस्कची इमेज घेता येते. इमेज म्हणजे डिस्कचा आहे तसा साचा: विंडोज, प्रोग्रॅम, सेटिंग, फाँट, फायली, बूट होण्याचा भागही त्यात आला. चालू डिस्कची अशी नक्कल घेता येते ती ‘शॅडो कॉपी’ या युक्तीमुळे. ती विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ च्या काळात आली. एका क्षणी डिस्क जशी आहे तशी धरून ठेवायची, आणि नंतर कोणी एखादा तुकडा बदलायला आला की आधी जुना तुकडा बाजूला ठेवून मग बदल करू द्यायचा. वाचणाऱ्याला तोच धरलेला क्षण दिसत राहतो.

उलट दिशेला ही युक्ती चालत नाही. वाचण्याने डिस्कला धक्का लागत नाही, लिहिण्याने लागतो. आणि चालू असलेला कॉम्प्युटर डिस्कवर आपण समजतो त्यापेक्षा फार जास्त अवलंबून असतो. आपण प्रोग्रॅम उघडला म्हणजे तो सगळाच्या सगळा रॅममध्ये आला, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ऑपरेटिंग सिस्टिम त्याची चार-चार किलोबाइटची पानं करते आणि जे पान लागेल ते त्या वेळी डिस्कवरून उचलते. एखादं पान अर्ध्या तासाने लागणार असेल तर ते अर्धा तास डिस्कवरच असतं. आता त्याच डिस्कवर वरून दुसरंच काही लिहायला घेतलं तर पुढचं पान मागितल्यावर तिथे भलतंच सापडणार.

विंडोज म्हणूनच वापरात असलेल्या फायलींना कुलूप लावून ठेवते. रजिस्ट्रीच्या फायली, कर्नल, ड्रायव्हर हे सगळं विंडोज चालू असेपर्यंत तिच्या ताब्यात असतं. अपडेट आल्यावर ‘रीस्टार्ट करा’ असं ती सांगते त्याचं कारणही हेच: काही फायली बदलता येतात त्या पुढच्या वेळी बूट होतानाच्या अगदी सुरुवातीला, कोणी त्या उघडण्याआधी. लिनक्स हात कमी धरतं. तिथे पुरेसे अधिकार असलेला माणूस चालू डिस्कवर थेट लिहू शकतो. तसं केलं की काही वेळ सारं ठीक चाललंय असं वाटतं. माउस हलतो, उघडी खिडकी दिसते, घड्याळ पुढे सरकतं. जे रॅममध्ये आहे तेवढं जिवंत असतं. नवी कमांड द्यावी तर ती सापडत नाही. मशीन नीट बंद करायलाही जो प्रोग्रॅम लागतो तो डिस्कवरून गेलेला असतो.

संक्रमण शिबिर

मुंबईत जुनी चाळ पाडून त्याच जागी नवी इमारत बांधायची असते तेव्हा रहिवाशांना आधी संक्रमण शिबिरात हलवतात. सगळे हलल्याशिवाय चाळीला हात लावता येत नाही. एकच डिस्क रिस्टोअर करणारी सगळी साधनं हेच करतात, आणि त्यांचं शिबिर म्हणजे रॅम.

मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये ‘विंडोज पीई’ काढलं. ही विंडोजची अगदी छोटी आवृत्ती एका फाईलमध्ये बांधलेली असते. बूट होताना ती सबंध फाईल रॅममध्ये उतरते आणि तिथे तिची स्वतःची ड्राइव्ह तयार होते. तिचं अक्षर असतं ‘एक्स’. एकदा ती उभी राहिली की मूळ डिस्क तिच्या दृष्टीने समोर पडलेली एक वस्तू असते, पायाखालची जमीन नव्हे. कायमची ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून कोणी ती वापरू नये यासाठी ७२ तासांनी ती आपोआप रीस्टार्ट होते. व्हिस्टापासून विंडोजबरोबर येणारं रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट याच पायावर उभं आहे. दोन-तीन वेळा विंडोज उघडली नाही की ‘ट्रबलशूट’ असा जो निळा पडदा आपोआप समोर येतो, तो बऱ्याच मशीनवर डिस्कच्याच एका छोट्या, लपवलेल्या पार्टिशनमधून आलेला असतो. साधन डिस्कवरच राहतं, आणि कामाला लागण्यापूर्वी डिस्कवरून उठून रॅममध्ये जातं. विकतच्या बॅकअप प्रोग्रॅममध्ये ‘रिस्टोअर’ दाबल्यावर ‘कॉम्प्युटर रीस्टार्ट करावा लागेल’ असा निरोप येतो, तोही या स्थलांतरासाठीच.

मोफत साधनांमध्ये ‘क्लोनझिला’चं नाव आधी घ्यायला हवं. तैवानच्या नॅशनल सेंटर फॉर हाय-परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग या संस्थेत ते तयार झालं. त्याच्या बूट मेनूत ‘टू रॅम’ असा पर्याय आहे. तो निवडला की सगळी फाइल सिस्टिम रॅममध्ये येते आणि ज्या पेनड्राइव्हवरून किंवा पार्टिशनवरून ते सुरू झालं त्याची गरज संपते. पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला तरी काम चालू राहतं. डिस्कच्याच पार्टिशनवरून सुरू केलं असेल तर हा पर्याय सोडून चालत नाही. डिस्कचं एकही पार्टिशन वापरात राहिलं तर लिनक्सचं कर्नल नवं पार्टिशन टेबल वाचायला नकार देतं, आणि ‘डिव्हाइस बिझी’ एवढं सांगून थांबतं.

‘बॅकअप डी ड्राइव्हला आहे’

दुरुस्तीच्या दुकानात हे वाक्य रोज ऐकू येतं. असेंबल केलेल्या मशीनवर सी, डी, ई अशा ड्राइव्ह करून द्यायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. सीमध्ये विंडोज, डीमध्ये कामाच्या फायली, ईमध्ये गाणी आणि लग्नाचे फोटो. सीला फॉरमॅट मारला तरी डी राहतो, हे अनुभवाने पटलेलं असतं, त्यामुळे डी म्हणजे सुरक्षित जागा अशी खात्री बसते.

या तिन्ही ड्राइव्ह एकाच डिस्कवर आखलेल्या रेषा आहेत. जुन्या पद्धतीत ही आखणी डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये असते. तो सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातल्या ४४६ बाइटमध्ये बूट होण्याचा कोड, पुढच्या ६४ बाइटमध्ये चार पार्टिशनांची नोंद आणि शेवटच्या दोन बाइटमध्ये सही. म्हणजे सी कुठे संपतो आणि डी कुठे सुरू होतो हे सांगणारी सगळी कागदपत्रं ६४ बाइटांत मावतात. नव्या जीपीटी पद्धतीत या टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते, हा मोठाच दिलासा. पण डिस्कच गेली तर दोन्ही प्रती तिच्याबरोबर जातात.

डीवर ठेवलेली सीची इमेज एका प्रसंगी कामाची आहे: डिस्क धडधाकट असेल आणि फक्त विंडोज बिघडली असेल तर. तेव्हा रिकव्हरीचं साधन रॅममध्ये उभं राहतं, डीवरून वाचतं आणि सीवर लिहितं. सबंध डिस्कच परत उभी करायची असेल तर मात्र ज्या डिस्कवर लिहायचं तिच्यावरूनच वाचता येणार नाही. इमेज दुसऱ्या वस्तूवर हवी. साधनाला रॅममध्ये हलवता येतं. शेकडो जीबींच्या इमेजला तिथे जागा नसते.

एक रिस्टोअर, जवळून

दिवाळी अंकांच्या पानांची मांडणी ज्या मशीनवर होते, त्यांत काही मशीन चांगलीच जुनी असतात. कोल्हापुरातल्या एका छोट्या डीटीपी केंद्रात असंच एक आहे. विंडोज एक्सपी, २००१ साली आलेला पेजमेकर ७, आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’चे जुने फाँट. युनिकोडच्या आधीचे ते फाँट नसतील तर त्यांत टाइप केलेला मजकूर अक्षरांचा ढिगारा दिसतो. तिथल्या वीसेक वर्षांच्या पानांच्या फायली उघडतात त्या या मशीनवर. त्या नुसत्या फायली पेनड्राइव्हवर नेऊन भागत नाही. त्या उघडणारं सगळं घर जसंच्या तसं लागतं, आणि ते पुन्हा पहिल्यापासून मांडायला सीडी उरलेल्या नाहीत. अशा जागी इमेजला पर्याय नसतो.

कोणा गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवरून व्हायरस आला आणि विंडोज निळ्या पडद्यापुढे जाईना. इमेज बाहेरच्या हार्डडिस्कवर होती. अडचण वेगळीच होती. सीडी ड्राइव्ह कधीची बंद पडलेली, आणि जुना बायॉस पेनड्राइव्हवरून बूट होत नव्हता. दुरुस्तीला येणाऱ्या मुलाने हे ओळखून डिस्कच्या शेवटी एक छोटं पार्टिशन करून त्यात क्लोनझिला टाकून ठेवलं होतं आणि बूट मेनूत त्याची ओळ जोडली होती. म्हणजे ज्या डिस्कवर लिहायचं तिच्यावरूनच साधन सुरू करायचं.

मशीन सुरू करण्याआधी त्याने केंद्राच्या मालकांना विचारलं, “काका, यूपीएसची बॅटरी बदललीत का?”

“गेल्या दिवाळीत बदलली. वीस मिनिटं तरी काढते.”

“मग मॉनिटर सोडून बाकी सगळं काढून टाका त्याच्यावरचं. प्रिंटरसुद्धा.”

मेनूतून ‘टू रॅम’ निवडलं. फाइल सिस्टिम रॅममध्ये उतरत असताना हार्डडिस्कचा लाल दिवा सतत पेटलेला होता, मग तो विझला. मुलगा त्या दिव्याकडे बोट दाखवून म्हणाला, “आता सगळं वर गेलं.” बाहेरची हार्डडिस्क जोडली, इमेजचं फोल्डर दिसलं. लिहिण्याआधी त्याने क्लोनझिलाकडून इमेज तपासून घेतली. प्रत्येक पार्टिशनची इमेज शेवटपर्यंत वाचता येते का, हे यात बघितलं जातं. काका अस्वस्थ होते, यात वेळ का घालवायचा असं त्यांना वाटत होतं. पण या घडीला जुनी विंडोज बिघडलेली का होईना, डिस्कवर होती. पुढच्या पायरीनंतर तीही राहणार नव्हती. इमेज खराब आहे हे कळायचं तर ते आत्ताच कळायला हवं.

तपासणी निर्वेध झाली. क्लोनझिला डिस्कचं मॉडेल आणि आकार दाखवून विचारतं की इथला सगळा डेटा जाईल, पुढे जायचं का? होकार दिला की पार्टिशन टेबल दाखवून तेच पुन्हा एकदा विचारतं. मुलाने दोन्ही वेळा मॉडेलचा नंबर मोठ्याने वाचला. बाहेरची हार्डडिस्क आणि आतली हार्डडिस्क यांची अदलाबदल झाली तर इमेजच पुसली जाते, म्हणून ही सवय.

मग पडद्यावर टक्के चढू लागले. मिनिटाला दीड जीबीच्या आसपास वेग. या मधल्या वेळात त्या डिस्कवर काहीच बूट होण्यासारखं नव्हतं. जुनी विंडोज नाही, नवी अर्धी, आणि क्लोनझिलाचं पार्टिशनही पुसून परत लिहिलं जाणार होतं. ते साधन होतं ते फक्त रॅममध्ये, आणि रॅम विजेवर. वीज गेली असती तर या मशीनला सुरू होण्याची एकही वाट उरली नसती. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावावी लागली असती. यूपीएसचा प्रश्न आधी का विचारला, ते इथे कळतं.

काम पार पडलं. इमेज घेतली तेव्हा क्लोनझिलाचं पार्टिशन डिस्कवर होतंच, त्यामुळे विंडोजबरोबर तेही परत जागेवर आलं. काकांनी पेजमेकर उघडून एका जुन्या अंकाचं पान काढलं, जोडाक्षरं नीट दिसतात का ते बघितलं, आणि मग मुलाला चहा सांगितला.

हीच युक्ती शत्रूच्या हाती

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ पसरला. डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्या गटाकडून चालणारं जवाहरलाल नेहरू बंदरातलं गेटवे टर्मिनलही. उरणच्या बाजूला कंटेनर तुंबले आणि कॉम्प्युटरवरचं काम हाताने करायची वेळ आली.

नॉटपेट्या काय करत होता ते बघितलं तर अंगावर काटा येतो, कारण पद्धत ओळखीची आहे.  तो डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये आपला छोटा कोड लिहायचा आणि काही वेळाने मशीन रीस्टार्ट करायचा. आता विंडोजऐवजी तोच बूट व्हायचा. पडद्यावर डिस्क तपासणी चालू असल्याचं नाटक दिसायचं आणि मागे फायलींची मुख्य अनुक्रमणिका कुलूपबंद होत असायची. रिस्टोअर करणाऱ्या साधनाची नेमकी तीच रीत इथे नाशासाठी वापरली होती.

मर्स्कने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे केले, असं तिचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी २०१८ च्या जानेवारीत डाव्होसला सांगितलं. त्यात एक मोठा खड्डा होता. कंपनीतल्या सगळ्या माणसांची आणि मशीनची ओळख ठेवणारे डोमेन कंट्रोलर एकमेकांच्या प्रती होते, आणि एकमेकांच्या प्रती असल्यामुळेच सगळे एकाच वेळी गेले. वाचला तो घानातला एक, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. सतत जोडलेली प्रत मूळ वस्तूबरोबरच मरते, हा धडा त्या कंपनीला फार महागात पडला. आपल्याला तो बाहेरच्या हार्डडिस्कची वायर काढून ठेवून शिकता येतो.

किल्ली कुठे आहे?

१९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्याकडे सकाळी पावणेदहाच्या सुमारास क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाईल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. मुंबईसह आपल्या विमानतळांवर रांगा लागल्या आणि कित्येकांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले.

कंपनीने सव्वा तासात ती फाईल मागे घेतली, पण बंद पडलेल्या मशीनना त्याचा उपयोग नव्हता. नवी फाईल घ्यायला मशीन सुरू व्हावं लागतं, आणि सुरू होतानाच ते कोसळत होतं. पुन्हा स्पिरिटचीच गाठ. उपाय सोपा होता: सेफ मोडमध्ये किंवा रिकव्हरीत जायचं आणि ती एक फाईल पुसायची. बहुतेक ठिकाणी ते माणसाने मशीनपुढे बसून, एकेका मशीनवर करायचं होतं. त्यात अनेक डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद होत्या. विंडोज स्वतः चालू असते तेव्हा हे कुलूप जाणवत नाही. बाहेरून, रॅममध्ये उभं राहून डिस्ककडे बघितलं की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. काही ठिकाणी या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या तेच सर्व्हर पडले होते.

यातून निघतं ते फार अवघड नाही. रिस्टोअरचं साधन डिस्कच्या पार्टिशनमध्ये खुशाल ठेवावं, घाईच्या वेळी ते सोयीचं असतं. त्याचीच दुसरी प्रत पेनड्राइव्हवर हवी, कारण अर्ध्यात अडकलेल्या रिस्टोअरमधून बाहेर काढणारी तीच. इमेज वेगळ्या हार्डडिस्कवर हवी आणि काम झालं की तिची वायर काढलेली हवी. बिटलॉकरची किल्ली कागदावर लिहून कपाटात हवी. डेस्कटॉप असेल तर यूपीएस लागतोच आणि लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसायचं. यातलं काहीही तज्ज्ञाशिवाय अडत नाही, एक मोकळी दुपार पुरते.

आणि त्या दुपारी शेवटपर्यंत जायला हवं. पेनड्राइव्हवरून मशीन खरंच सुरू होतं का, ते बघायचं. तिथून आतली डिस्क दिसते का, बाहेरची दिसते का, इमेज तपासणीत पास होते का, तेही बघायचं. जमेल त्याने एक रिकामी डिस्क लावून तिच्यावर सबंध इमेज उतरवावी आणि ती डिस्क बूट करून आपलं रोजचं काम उघडून बघावं. याहून कमी कशानेही खात्री होत नाही. घेतलेल्या बॅकअपवर ‘यशस्वी’ असा हिरवा शिक्का येतो तो लिहिण्यापुरता असतो. परत आणता येईल की नाही, याबद्दल तो काहीही सांगत नाही.

लक्ष्मीपूजनाला आता वह्यांबरोबर कॉम्प्युटरलाही हळदकुंकू वाहिलं जातं, आणि ते योग्यच आहे. दुकानाचा हिशेब, मुलांच्या लहानपणीचे फोटो, आयुष्यभर जमवलेली टिपणं या एका डिस्कवर आहेत. तिचा मान राखायचा तर पूजेच्या आधीच्या आठवड्यात ती एक दुपार काढावी. ज्या बॅकअपमधून आजवर काही परत आणून पाहिलेलं नाही, त्याच्या भरवशावर यातलं काहीही सोडू नये.